वजनाचा काटा आणि कमरेची दोरी



आजकाल आपल्या पुष्कळ घरांत न्हाणीघराच्या कोपऱ्यात वजनाचा काटा असतो. सकाळी उठावे, काट्यावर उभे राहावे आणि त्या एका आकड्यावरून दिवसाचे सुखदुःख ठरवावे, अशी सवय अनेकांना जडली आहे. आकडा उतरला की आनंद, आणि आकडा जागचा हलला नाही की सारी मेहनत पाण्यात गेली असे वाटते. आमच्या मते हा न्याय खरा नाही. आणि आपल्यासारख्या हिंदी वंशाच्या लोकांच्या बाबतीत तर तो धोक्याचाही आहे. का, ते आज या पानावर सांगावयाचे आहे.

आम्ही मूळचे मॉरिशसचे. आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांत राबायला आले. सध्या आमचा मुक्काम न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या उत्तरेकडील अल्बनी या गावी आहे आणि पोटापाण्याचा धंदा शिक्षकाचाच आहे. अल्बनी एके काळी फळबागांचे गाव होते. आता रुंद रस्ते, मोठी बाजारगृहे आणि मॅसी विद्यापीठ ही त्याची ओळख आहे. इथले आपले लोक मोटारीने कामाला जातात, दिवसभर खुर्चीवर बसतात आणि मोटारीनेच घरी येतात. ज्या हातांनी ऊस तोडला, त्या हातांच्या नातवंडांना आता चालण्यासाठी मुद्दाम वेळ काढावा लागतो. म्हणून वजन उतरवण्याचा विषय घरोघरी निघतो. तो निघावा, हे चांगलेच आहे. प्रश्न एवढाच, की आपली प्रगती आपण कशाने मोजतो?

याच अल्बनीतील मॅसी विद्यापीठात स्त्रियांच्या शरीरातील चरबीविषयी एक मोठी पाहणी झाली. तिची मांडणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यात १६ ते ४५ वयाच्या माओरी, पॅसिफिक बेटांवरच्या आणि युरोपीय वंशाच्या स्त्रिया घेतल्या होत्या. संशोधकांनी त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाचे वजन बेताचे आणि चरबीही बेताची. तिसऱ्या गटाचे वजन जास्त आणि चरबीही जास्त. या दोन्ही गटांत नवल काही नाही. नवल दुसऱ्या गटाचे आहे. या स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने अगदी योग्य होते, पण शरीराचा ३० टक्के किंवा त्याहून अधिक भाग चरबीचा होता. या चरबीला त्यांनी ‘लपलेली चरबी’ असे नाव दिले. काट्यावर उभी राहिली तर या गटातील बाई पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होईल. पण तिच्या देहात काय चालले आहे, याची वार्ता काट्याला नसते.

त्या पाहणीत आपल्या बायका नव्हत्या. पण ही लपलेली चरबी आपल्या लोकांत किती असते, हे सांगणारा दाखला खुद्द पुण्यातला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आपले स्वतःचे छायाचित्र छापून आणले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही अगदी एकच होता, २२.३. म्हणजे वजनाच्या न्यायालयात दोघेही निर्दोष. पण शरीरातील चरबी यंत्राने मोजली तेव्हा युडकिनसाहेबांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दुपटीहून अधिक! दिसायला सडपातळ, पण आत चरबी अशा या हिंदी देहाचे कोडे त्या एका छायाचित्राने जगापुढे मांडले.

ही गोष्ट जन्मापासूनची आहे, असेही पुण्याचेच संशोधन सांगते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली गरोदर मातांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो भरले. आपली बाळे हाडापेराने आणि स्नायूंनी पुष्कळच कमी होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे जो काटा बाळाला ‘हडकुळे’ म्हणतो, तो अर्धीच गोष्ट सांगतो.

आता आमच्या मॉरिशसकडे पाहा. १९८७ साली तिथे मधुमेहाची मोठी पाहणी झाली आणि आपले बेट या रोगाच्या बाबतीत जगात फार वरच्या ओळीत आहे, हे उघड झाले. २०१५ च्या पाहणीतही दर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आढळला. त्या पाचातला एक लठ्ठच असतो, असे मुळीच नाही. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे, असे काका-मामा प्रत्येक कुटुंबात आहेत. त्यांना कोणी विचारले की म्हणतात, ‘मला काय धाड भरली आहे? माझे वजन तरुणपणी होते तेवढेच आहे.’ वजन तेवढेच आहे, हे खरे. पण दंडाचा आणि मांडीचा स्नायू कमी होऊन तेवढीच चरबी पोटात आली, तर काटा तोच आकडा दाखवणार. पाय बधिर झाले, जखम बरी होईना, म्हणजे मग कुठे रक्त तपासले जाते. तोवर फार उशीर झालेला असतो.

काटा एका बाजूने बेसावध माणसाला खोटा धीर देतो, तर दुसऱ्या बाजूने कष्ट करणाऱ्याला नाउमेद करतो. अल्बनीतील आमच्या परिचयाच्या एका भगिनी रोज संध्याकाळी लुकस क्रीकच्या काठच्या पायवाटेने चालू लागल्या. भात निम्मा केला, साखरेचा चहा सोडला. तीन महिन्यांनी भेटल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, ‘गुरुजी, तीन महिन्यांत दीड किलोसुद्धा उतरले नाही. आता पुरे झाले!’ आम्ही विचारले, ‘पोलके कसे बसते?’ त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘दोन्ही बाजूंनी शिलाई घालावी लागली.’ पूर्वी घरचा जिना चढताना मध्ये थांबावे लागे, तेही आता लागत नव्हते. शरीर इतके बोलत होते, पण त्यांनी कान दिला होता तो फक्त काट्याला.

अशा भगिनींना आम्ही चेन्नईची गोष्ट सांगू इच्छितो. तेथील डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीचाच सल्ला दिला. दुसऱ्या गटाला आहार सुधारायला लावले आणि रोज निदान अर्धा तास भरभर चालायला सांगितले. बाकीच्या दोन गटांना गोळ्या दिल्या, एकाला नुसत्या आणि एकाला चालण्या-खाण्याच्या नियमांसह. सुमारे तीन वर्षांत पहिल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर चालणाऱ्या गटातील ३९ टक्क्यांना. आता महत्त्वाची गोष्ट ऐका. त्या चालणाऱ्या लोकांचे सरासरी वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते! काट्यावरून निकाल लावला असता, तर सारे नापास ठरले असते. प्रत्यक्षात कित्येकांच्या घरी येऊ घातलेला रोग दारातूनच परत गेला.

काटा असा का वागतो, हेही समजून घेतले पाहिजे. काटा चरबी मोजत नाही, तो सगळ्याची बेरीज सांगतो. हाडे, स्नायू, पाणी, पोटातले अन्न, सारे त्यात आले. आपण खाल्लेल्या भात-पोळीतील पिष्टाचा काही साठा यकृतात आणि स्नायूंत राहतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. एकादशीचा कडक उपवास केला की हा साठा खर्च होतो, पाणी निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी काटा किलोभर खाली दिसतो. द्वादशीला पारणे फेडले, लोणचे-पापड खाल्ले की तेच पाणी परत येते. स्त्रियांच्या बाबतीत महिन्याच्या पाळीच्या सुमारासही असाच फरक पडतो. ही सारी पाण्याची ये-जा आहे. तिच्यात चरबीचा नफाही नाही आणि तोटाही नाही.

आणखी एक गोष्ट तर फारच गंभीर आहे. मधुमेह वाढला आणि उपचार झाले नाहीत, तर माणसाचे वजन आपोआप उतरू लागते. लग्नाकार्यात नातेवाईक म्हणतात, ‘वा, छान बारीक झालात!’ काटाही शाबासकी देतो. आणि आत रोग माणसाला पोखरत असतो. म्हणून प्रयत्न न करता वजन उतरले, तहान वाढली, रात्री वारंवार उठावे लागले, तर पेढे वाटू नयेत. सरळ डॉक्टरांकडे जावे.

मग मोजावे तरी कशाने? आम्ही शिक्षक असल्यामुळे आम्हांला इथे आमच्या प्रशिक्षणाची आठवण होते. अध्यापक विद्यालयात आम्हांला मूल्यमापनाचे दोन प्रकार शिकवले होते. एक, वर्षाच्या शेवटी घेतलेली परीक्षा. दुसरा, रोजच्या शिकवण्यात मूल कुठवर आले याची नोंद. मूल वाचते कसे, प्रश्न विचारते का, कालची चूक आज टाळते का, हे सगळे त्या नोंदीत येते. नुसत्या एका पेपरच्या गुणांवरून कोणी मुलाला ‘ढ’ म्हटले, तर आपण त्या शिक्षकाला नावे ठेवतो. मग आपल्याच देहाला आपण रोज सकाळी एका गुणावरून ‘ढ’ का म्हणावे? शरीराचेही प्रगतिपुस्तक असावे आणि त्यात विषय अनेक असावेत. आम्ही पाच सुचवतो.

पहिला विषय कमर. त्यासाठी शिंप्याकडचा साधा टेप पुरे. सरळ उभे राहावे, पोट आत ओढू नये. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मधोमध टेप धरावा, श्वास सहज सोडावा आणि मग आकडा वाचावा. आपल्या वंशाच्या लोकांसाठी पुरुषांची कमर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी, असे जागतिक तज्ज्ञांनी ठरवले आहे. टेप नसेल तर एक दोरी घ्यावी. आपल्या उंचीएवढी कापावी आणि दुमडून निम्मी करावी. ती निम्मी दोरी कमरेभोवती पुरली पाहिजे. पुरली नाही, तर समजावे की पोटातील चरबी जास्त झाली आहे. आमची आजीसुद्धा हे मोजमाप करू शकली असती, इतके ते सोपे आहे. महिन्यातून एकदा मोजावे, रोज नाही.

दुसरा विषय ताकद. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येते, ते मोजावे. शेजाऱ्याशी तुलना करू नये. आपला मागच्या महिन्याचा आकडा आणि या महिन्याचा, एवढेच पाहावे. उपाशी राहून वजन उतरवणाऱ्यांनी हा विषय मुळीच सोडू नये, आणि हल्ली निघालेली इंजेक्शने घेणाऱ्यांनीही नाही. कारण झपाट्याने वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातो. काट्याला दोन्हीत फरक कळत नाही, गुडघ्यांना कळतो.

तिसरा विषय दम. नेहमीचा जिना किंवा नेहमीचा चढ घ्यावा. कालपर्यंत कुठे थांबावे लागत होते आणि आज कुठे, ते पाहावे. आम्हां मॉरिशसच्या मराठी लोकांना तर याहून गोड परीक्षा ठाऊक आहे. गणपतीत किंवा लग्नाच्या मांडवात झाकरीचे किती फेर धाप न लागता धरता येतात? मागच्या वर्षी तिसऱ्या फेराला बसणारे काका यंदा पाचव्यापर्यंत टिकले, तर त्यांच्या प्रगतीला दुसरे प्रमाणपत्र नको.

चौथा विषय रक्त आणि रक्तदाब. मागील दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी आता सर्वत्र होते. न्यूझीलंडमध्ये तिचा आकडा टक्क्यांत येत नाही, म्हणून आपली माणसे गोंधळतात. इथल्या हिशेबाने ४१ ते ४९ म्हणजे उंबरठा, आणि ५० व त्याहून वर म्हणजे मधुमेह. तसेच, इथल्या आरोग्य खात्याच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांची हृदयविकाराच्या धोक्याची तपासणी ३० व्या वर्षापासून आणि स्त्रियांची ४० व्या वर्षापासून सुरू व्हावी, असे सांगितले आहे. इतर बहुसंख्य लोकांसाठी हेच वय पुरुषांना ४५ आणि स्त्रियांना ५५ आहे. हा फरक आपल्या किती तरुणांना माहीत आहे? ‘मी बारीक आहे, मला काय होणार’ असे म्हणणाऱ्या मुलाला घरच्यांनी हे वाक्य वाचून दाखवावे.

पाचवा विषय रोजचे जगणे. झोप शांत लागते का, घोरणे कमी झाले का, गुडघे कमी दुखतात का, लेंग्याची नाडी किती आत ओढावी लागते, हे वहीत दोन ओळींत लिहावे. याला काही कोणी शास्त्र म्हणणार नाही. पण माणूस टिकून राहतो तो अशाच लहान खुणांवर.

यावर कोणी विचारतील, ‘मग काटा फेकून द्यावा काय?’ तसे आम्ही म्हणत नाही. ज्यांचे वजन फारच जास्त आहे, त्यांना ते उतरवल्याने मोठा लाभ होतो आणि काटा त्यांना दिशा दाखवतो. वजन आपोआप घटते आहे, हेही काट्यावरच कळते. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी काट्यावर उभे राहावे आणि आकडा वहीत लिहून मोकळे व्हावे. काटा प्रगतिपुस्तकातला एक विषय राहू द्यावा, त्याला मुख्याध्यापक करू नये. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्याच एका आंतरराष्ट्रीय आयोगाने हेच सांगितले आहे. लठ्ठपणाचे निदान केवळ वजन-उंचीच्या निर्देशांकावर करू नये, कमरेचे माप किंवा चरबीचे प्रत्यक्ष मोजमापही पाहावे, असा त्यांचा निर्णय आहे. पुण्याच्या त्या छायाचित्रानंतर २१ वर्षांनी जग तिथे येऊन पोचले.

आता दोन शब्द समाजाकरिता. आपल्याकडे भेट झाली की पहिले वाक्य देहावर असते. ‘काय ग, जाड झालीस!’ नाहीतर ‘किती वाळलास रे!’ हे प्रेमाने बोलले जाते, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु वाढत्या वयाच्या मुलीला ते वाक्य वर्षभर पुरते. ती जेवणाच्या ताटावरून उठते आणि काट्यावर चढते. ही गोष्ट वर्गात आमच्या डोळ्यांपुढे घडते, म्हणून हे कळकळीने लिहितो. मुलांना पाहुण्यांदेखत काट्यावर उभे करू नये. त्यांना पोहायला न्यावे, चेंडू द्यावा, मोठ्यांनी त्यांच्याबरोबर चालावे.

आणि आपल्या मंडळांना आमची एक विनंती आहे. मॉरिशसची मंडळे असोत की इथली, गणेशोत्सवात आरती होते, प्रसाद होतो, झाकरी होते. त्याच मांडवात एक टेबल मांडावे. त्यावर एक टेप, रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र आणि दोऱ्यांचे एक बंडल ठेवावे. समाजातील डॉक्टर आणि परिचारिका आनंदाने दोन तास देतील. ज्याची निम्मी दोरी पुरणार नाही, त्याला शरमिंदा न करता सांगावे, ‘काका, या आठवड्यात रक्त तपासून या.’ खर्च जवळजवळ शून्य, आणि एखाद्या घरातील कर्त्या माणसाचा पाय किंवा डोळा वाचला तर ते पुण्य मोठे.

पूर्वजांनी आपल्याला काटक देह दिला आणि त्या देहाला कष्टांची सवय लावली. कष्ट गेले, देह तोच राहिला. त्याला जपायचे तर आधी त्याची नीट ओळख करून घेतली पाहिजे. ती ओळख एका आकड्यात मावत नाही. तेव्हा बंधुभगिनींनो, येत्या रविवारी घरात एक दोरी शोधा, थोरामोठ्या सर्वांची उंची आणि कमर मोजा, आणि सोमवारपासून चालायला लागा. एवढेच आमचे नम्र सांगणे.